चावरं पिल्लू आणि आपला पसारा

दिवाळीच्या मागंपुढं गावातल्या कुत्र्या व्यातात, आणि माघ-फाल्गुन आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी गाय उलटते, म्हशीचा जार अडकतो, बकरीचं पोट फुगतं. या दोन महिन्यांत मात्र चपला, नळ्या, चादरी आणि वायरी. यंदा संपादकांनी सगळी पत्रं एका लिफाफ्यात घालून पाठवली, "यांचा एकदाच निकाल लावा" म्हणून. लावते. पत्रं थोडी छाटली आहेत. नावं काढली आहेत, तालुका तेवढा ठेवला आहे.

"डॉक्टरबाई, जागलीसाठी गावठी पिल्लू आणलं. आता साडेतीन महिन्यांचं आहे. रानडुकरावर भुंकायचं सोडून ठिबकच्या नळ्या फोडते. एका रात्रीत चार-चार ठिकाणी. नळ्यांले तिखट लावून पाह्यलं, काही फरक नाही. मोठं झालं का जाते ही सवय, का सोडून देऊ गावात?" (ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

भाऊ, सोडून देऊ नका. साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला जागलीवर नेणं म्हणजे पहिलीतल्या पोराला तलाठ्याच्या खुर्चीत बसवणं. त्याला अजून तुमचं वावर कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं हेही कळत नाही. त्याच्या तोंडात मात्र या घडीला मोठी उलथापालथ चाललेली आहे, ती आधी समजून घ्या.

पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात यायला लागतात. ते एकूण २८, सुईसारखे टोकदार. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात. आधी पुढचे, मग सुळे, मग दाढा. सातव्या महिन्यापर्यंत पक्के ४२ दात तोंडात बसतात. या काळात हिरड्या सुजतात, दुखतात, शिवशिवतात, आणि काहीतरी दाताखाली दाबलं की बरं वाटतं. म्हणजे तुमचं पिल्लू ऐन मोसमात आहे.

आता नळीच का? सोळा एमएमची नळी पिल्लाच्या जबड्यात अगदी बेतानं बसते. मऊ आहे, पण तुटत नाही. वरून चावली की गार पाणी तोंडात उडतं. एवढं बक्षीस मिळाल्यावर तिखटाला कोण विचारतो? तिखटाचं दुसरंही आहे. तोंडाला लागलेलं पिल्लू पंजानं डोळ्यात नेतं, आणि डोळे लाल झाले म्हणून तुम्ही परत माझ्याकडेच येणार. भिवापुरी मिरची ठेच्यात शोभते, ती नळीवर वाया घालवू नका.

करायचं ते असं. पिल्लू वावरात असेल तिथं त्याच्यासाठी पाण्याचं वेगळं भांडं हवं, सावलीत आणि जड, म्हणजे ते उलथणार नाही. तहान हे नळी फोडण्याचं निम्मं कारण असतं आणि ते फुकटात मिटतं. पिल्लू नळ्यांच्या रांगांत मोकळं सुटता कामा नये. धुऱ्यावरच्या निंबाखाली लांब दोरीनं बांधा आणि जवळ चघळायला काहीतरी ठेवा. जुन्या जाड सुती कापडाची गाठ मारून, ती माठाच्या पाण्यात बुडवून गार करून दिली तर सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. घरी फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवून द्या. मोठं आख्खं गाजर चालतं. जाड थापलेली ज्वारीची भाकर उन्हात कडक वाळवून ठेवली तर तीही चालते, वरून पोटातही जाते. कापडाचे धागे सुटायला लागले की ते फेकायचं. त्या धाग्यांचं पुढं लिहिते.

ज्या रांगांना सध्या पाणी नाही त्या नळ्या गुंडाळून खुंटीला टांगा. आणि रात्रीचं जागलीला नेणं आठ-दहा महिन्यांपर्यंत थांबवा. दिवसा तुमच्यासोबत फिरू द्या. गावात एखादं शहाणं, मोठं कुत्रं असेल तर त्याच्या संगतीनं येऊ द्या. रानडुक्कर किंवा बिबट्यापुढं साडेतीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे नुसता घास आहे, नळ्यांचा हिशेब नंतर.

सवय जाते का, याचं उत्तर थोडं वाकडं आहे. दातांची शिवशिव सात महिन्यांना संपते. पण तोवर नळी चावून रोज पाणी मिळालं असेल तर नळी ही त्याची आवड होऊन बसते. शिवाय सातव्या महिन्यानंतर अंगात ताकद येते, काम काही नसतं, आणि चावण्याची दुसरी लाट येते. ती वर्ष-दीड वर्षापर्यंत चालू शकते. तेव्हा हे चार महिने नळी त्याच्या तोंडाला लागूच द्यायची नाही, यावर सगळं आहे.

"पोरांनी हट्टानं पिल्लू आणलं. डोळे उघडून आठ-दहा दिवस झाले असतील तेव्हाच आणलं. आता अडीच महिन्यांचं आहे. चपला, शाळेचे मोजे, सासूबाईंच्या लुगड्याचा पदर, काही सोडत नाही. पोरांच्या पोटऱ्यांना दात लावतं. सासूबाई म्हणतात, फाटलेली चप्पल नाकापुढं धरून दोन ठेवून द्या. त्याला सगळं समजते, कसं कान पाडून बसते पहा. माझं मन होत नाही. कोणाचं खरं?" (ता. आर्वी, जि. वर्धा)

ताई, तुमचं. पण सासूबाईंची नजर चांगली आहे हेही सांगते. कान पडतात, शेपूट पोटाखाली जाते, नजर चुकवतं, हे त्यांनी बरोबर टिपलं. फक्त त्याचा अर्थ पश्चात्ताप नाही. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली यावर एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं कुत्र्यापुढं खाऊ ठेवून "खायचं नाही" असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. म्हणजे कुत्र्यानं खाऊला तोंडही लावलेलं नसताना "खाल्ला" म्हणून सांगितलं. तो अपराधी चेहरा खाणाऱ्या कुत्र्यांपेक्षा रागावून घेणाऱ्या कुत्र्यांचा जास्त होता, मग त्यांनी खाल्लेलं असो वा नसो. पिल्लू तुमचा आवाज आणि तुमचे डोळे वाचतं. चपलेचा आणि आपल्या माराचा संबंध त्याला लागत नाही, कारण चप्पल त्यानं दुपारी फाडली आणि मार संध्याकाळी पडला. घटना आणि परिणाम यांत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की कुत्र्याच्या लेखी ते दोन वेगळे प्रसंग.

मारल्यानं काय होतं ते मी दवाखान्यात पाहिलं आहे. पिल्लू चावायचं थांबत नाही, तुमच्यासमोर चावायचं थांबतं. मग ते बाजेखाली, कोठ्यात, तुराट्यांच्या गंजीमागं नेऊन चावतं, आणि तुम्ही "अय!" करून धावलात की तोंडातलं घाईनं गिळून टाकतं. मोजा फाटण्यापेक्षा मोजा पोटात जाणं किती महाग पडतं ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळतं. म्हणून तोंडात काही सापडलं तर ओढाताण नको, पाठलाग नको. बसा, पोळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढं करा, त्यानं चप्पल टाकली की तुकडा द्या, चप्पल उचला आणि त्याच्या हक्काची वस्तू तोंडात द्या. दहा-बारा वेळा असं झालं की पिल्लू चप्पल घेऊन स्वतः तुमच्याकडे येईल. काही लबाड पिल्लं तर अंड्यासाठी चप्पल शोधून आणतात. तेवढी लबाडी चालेल.

आणि जुनी चप्पल त्याला खेळायला देऊ नका. घरोघरी हेच चालतं आणि मग नवीनसाठी बोंब मारतात. जुनी कोणती, नवीन कोणती हे पिल्लाला कसं कळावं? दोन्हींना तुमच्याच पायाचा वास. दाराशी कंबरेएवढ्या उंचीवर एक फळी ठोका आणि चपला तिच्यावर. सुताराचे पैसे एका शाळेच्या बुटात वसूल होतात.

आता पोटऱ्या. डोळे उघडून आठ-दहा दिवस म्हणजे पिल्लू जेमतेम साडेतीन आठवड्यांचं असताना आईपासून तोडलं. हे आपल्याकडे सर्रास होतं, लवकर आणलं की जीव लावतं म्हणून. उलट आहे. दात कितीसे दाबायचे हे पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळताना आणि आईला लुचताना शिकतं. जोरात चावलं तर भावंड केकाटतं आणि खेळ बंद; आईला दात लागला की आई उठून जाते. आठ आठवडे ही शाळा पुरी व्हायला हवी. तुमच्या पिल्लाची ती बुडाली, आता ती तुमच्या पोरांनी घ्यायची आहे. दात लागला की हलायचं नाही, ओरडायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. पळणारी पोटरी आणि हलणारा पदर ही पिल्लाच्या डोळ्यांना शिकार असते. झाडासारखं उभं राहायचं, हात बगलेत, तोंड दुसरीकडे. अर्धा मिनिट. मग कापडाची गाठ द्यायची. सासूबाईंनी तेवढे दिवस पदर खोचून घ्यावा.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. एवढं लहान पिल्लू दिवसाचे सोळा-अठरा तास झोपायला हवं. शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत पोरं त्याला उचलत-फिरवत असतील तर दिवेलागणीला ते पिसाटल्यासारखं चावतं. पोरांना वाटतं त्याला अजून खेळायचं आहे. त्याला झोपायचं असतं. एका कोपऱ्यात त्याला पोतं टाकून द्या आणि त्या पोत्यापाशी पोरांना जायला बंदी.

आणि हे गंमत म्हणून सोडू नका: दात लागून रक्त आलं, नुसतं खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायची. "एवढंसं पिल्लू, याला कुठला रेबीज" असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. पिल्लालाही रेबीज होतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही. हळद-चुना लावू नका. पिल्लाला सहाव्या-आठव्या आठवड्यापासून पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांच्या लसी आणि तीन महिन्यांला रेबीजची. तुमचं अडीच महिन्यांचं आहे, पहिली अजून दिली नसेल तर येत्या बाजाराच्या दिवशीच घेऊन जा.

"कोंबडीची हाडं द्यावी का? आणि कच्चं मटण दिलं तर कुत्रं रक्ताला चटावते म्हणतात." (ता. अचलपूर, जि. अमरावती)

शिजलेलं कोंबडीचं हाड कधीच नाही. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, उभं चिरतं आणि आतड्याला भोसकतं. बकऱ्याच्या नळीचं गोल हाड खालच्या जबड्यात बांगडीसारखं अडकतं, मग ते कापून काढावं लागतं. जनावराचं खूर-शिंगही नको, दाढ फुटते. चघळायला द्यायची वस्तू नखानं दाबून पाहा. नख थोडंसं रुतलं तर ठीक, नाही रुतलं तर ती दाताला भारी आहे.

कच्च्या मटणानं कुत्रं चटावत नाही, ती नुसती बात आहे. पण खाटकाकडची कच्ची फुप्फुसं-काळीज देऊ नका. त्यात पाण्याच्या गाठी असतात, त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी होतो आणि त्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी माणसाच्या काळजात-फुप्फुसात होतात.

"चार महिन्यांचं पिल्लू दिवसभर तुराट्या चघळते. कालपासून तोंडावर पंजे मारते, लाळ गळते, तोंड मिटत नाही. हात घालून पाहू का?" (ता. वरोरा, जि. चंद्रपूर)

यांना मी तेव्हाच फोन केला होता. छापते ते बाकीच्यांसाठी. हात घालायचा नाही. तुराटीचा तुकडा वरच्या दाढांच्या मधोमध, टाळूला आडवा अडकतो आणि पिल्लू अगदी असंच करतं. पण लाळ, लोंबता जबडा आणि मिटत नसलेलं तोंड ही रेबीजचीही लक्षणं आहेत, आणि वरून पाहून फरक सांगता येत नाही. घशात हाड अडकलं असेल म्हणून हात घालणारी माणसं अशीच फसतात. पिल्लाला खोलीत कोंडा, पोरांना दूर ठेवा, डॉक्टरला लक्षणं फोनवर आधी सांगा म्हणजे तो हातमोजे घालून तयार राहील. वरोऱ्याच्या पिल्लाच्या टाळूत तुराटीच निघाली. पिल्लाला अडवायला तुराट्यांचा कूड घालू नका, बांबूची तट्टी लावा. पऱ्हाटीचे खुंटही तसेच.

"मी आठवीत आहे. आमचा मोती उंदराच्या औषधाची पुडी चावून मेला. बाबांनी त्याला दूध पाजलं होतं. आता आजोबा दुसरं पिल्लू आणणार आहेत. काय काय उचलून ठेवू?" (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

बाळा, तुझा प्रश्न या लिफाफ्यातला सगळ्यात कामाचा आहे. बाबांनी दूध पाजलं ते सगळं गाव करतं, त्यांना बोल लावू नकोस. पुडीतली काळपट पावडर बहुतेक झिंक फॉस्फाइड असते. पोटातल्या आम्लाशी ती मिळाली की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. काहीही खाऊ-पिऊ घातलं की पोटात आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. म्हणून दूध नाही, तूप नाही, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणंही नाही. थेट डॉक्टर, पुडीचा कागद सोबत. उलटी झालीच तर दारं-खिडक्या उघडायच्या, तोंड जवळ न्यायचं नाही. तो वायू माणसालाही बाधतो. दुसरं औषध वडीच्या रूपात मिळतं, ब्रोमॅडिओलोनचं. ते खाल्लेलं पिल्लू दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उपाय आहे, पण लवकर नेलं तर. म्हणून वडी चावताना दिसलं की "बरं दिसते" म्हणून थांबायचं नाही.

आता तुझी यादी. पिल्लाच्या उंचीवर, म्हणजे गुडघ्याच्या खाली वाकून, अख्खं घर आणि कोठा फिर. फवारणीचे डबे आणि त्यांची झाकणं आधी. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून हातमोजे थोडेफार आले, पण रिकामे डबे अजून धुऱ्यावर लोळतात. कीटकनाशक पोटात गेलेल्या पिल्लाला लाळ सुटते, अंग फडफडतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. डबा सोबत नेला तर डॉक्टरला औषध लगेच ठरवता येतं. मग आजोबांच्या खिशातून पडलेली खर्ऱ्याची पन्नी. हसू नकोस. तंबाखूतलं निकोटिन एवढ्याशा जिवाला पुरतं, आणि पन्नीही पोटात जाते. खर्ऱ्याचं आजोबांना तूच सांग, माझं नाव घेऊन. टॉर्चचे सेल. एरंडीच्या बिया, आणि खत म्हणून आणलेली एरंडीची पेंड. तिचा वास कुत्र्याला फार आवडतो आणि ती जीवघेणी असते. अंगणात कण्हेर असेल तर तिच्या छाटलेल्या फांद्या जमिनीवर राहू देऊ नकोस, पान-काडी सगळी विषारी.

सुतळी, पतंगाचा मांजा, शिवणाचा दोरा, कापडाचे सुटलेले धागे. एक टोक जिभेखाली अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं, मग आतडं नाडी ओढलेल्या पिशवीसारखं गोळा होतं. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. शेवटी मोटारीची वायर. ती लोखंडी किंवा पीव्हीसी पाइपात घालायला बाबांना सांग. पिल्लाला झटका बसलाच तर आधी मेन स्विच बंद, मग पिल्लाला हात. आणि उठून चालायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचं, कारण फुप्फुसात पाणी कधी कधी काही तासांनी भरतं. घरापासून दवाखाना लांब असेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक दाराच्या मागं खडूनं लिहून ठेव.

थोडक्यात

*पिल्लू माती आणि भिंतीचे पोपडे खातं (ता. मेहकर).* आधी जंताचं औषध. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांपर्यंत द्यायचं असतं. बहुतेकांनी एकदाही दिलेलं नसतं. आणि नुसत्या दूध-भाकरीवर ठेवू नका. दिवसातून तीनदा जेवण, त्यात अंडं किंवा डाळ-भात-मासळी. भुकेलं पिल्लू काहीही चावतं.

*पिल्लाचा दात दिसत नाही, गिळला असेल का (ता. काटोल)?* गिळला असेल. काही होत नाही. चघळायच्या कापडाला थोडं रक्त लागलं तरी घाबरू नका.

*पॉमेरेनियनला सुळ्याशेजारी दुसरा सुळा आला आहे (ता. वणी).* दुधाचा पडला नाही आणि पक्का आला. छोट्या जातींत हे फार होतं. आपोआप पडत नसेल तर वेळ न घालवता काढून घ्या, नाहीतर जबडा वाकडा बसतो आणि मध्ये अन्न सडतं.

*दावं चावून तोडतं, साखळी लावू का (ता. तिरोडा)?* साखळी चावून सुळे झिजतात, तुटतातही. पिल्लू दावं चावतं कारण सगळे वावरात गेल्यावर ते दिवसभर एकाच खुंट्याला असतं. बांधायचंच तर फिरवून आणल्यावर, पोटभर जेवल्यावर, चघळायला देऊन आणि तास-दोन तासच. बाकी वेळ तट्टीच्या आत मोकळं.